आकडीची पाटी

पंचेचाळिसाव्या वर्षी मला शिकाऊ लायसन काढायची बुद्धी झाली आणि ओसरीवर शाळा भरली. लेक चिन्हांची पुस्तिका घेऊन बसली, बाबा शेजारी धानाचं पोतं शिवत. परीक्षा माझी, उत्तरं त्यांची.

लाल गोलात आडवी पांढरी पट्टी. मी आठवत होतो तोवर बाबा म्हणाले, "दाराले अडसर लावला." प्रवेश बंद. बरोबर!

पुढच्या लाल गोलात उजवीकडे वळलेला बाण आणि त्याच्यावर तिरपी रेघ. "उजवीकडे जा," मी ठणकावून सांगितलं. लेकीनं कपाळाला हात लावला. यात माझा काय दोष? बाण तर उजवीकडेच बोलावत होता. आमचे मास्तर लाल शाईनं अशीच काट मारायचे. चुकलं एवढं कळायचं, बरोबर काय ते नाही. ही पाटीही त्यांच्याच वळणाची. उजवीकडे वळू नका म्हणते. सरळ जायचं की डावीकडे, ते तुमचं तुम्ही बघा. निळा गोल मात्र हुकूमच सोडतो. त्यात पांढरा बाण डावीकडे असला तर डावीकडेच, सरळसुद्धा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ही चित्रं परिशिष्ट म्हणून जोडलीत आणि पाळायची सक्ती केलीय.

मग आलं मूठ वर असलेल्या छत्रीसारखं चित्र, तेही काट मारलेलं.

"आंबे पाडाची आकडी होय थे," बाबा म्हणाले. "आकडी घेऊन जाऊ नोको म्हणते."

"आजोबा, यू-टर्न! गाडी मागं फिरवायची नाही."

"मंग तसं सांग ना. बंडी फिरवाले अर्धं वावर लागे, बैलं कायची पाटी वाचतेत!"

पास व्हायला साठ टक्के पुरतात. मी झालो. यथावकाश पक्कं लायसनही आलं. पहिल्याच दिवशी बाबांना मागं बसवून आमगावच्या रस्त्यानं निघालो. गप्पांच्या नादात घराचं वळण मागं राहिलं. पुढं दुभाजक, आणि दुभाजक तुटला तिथं पाटी.

"आकडी हाये बे," बाबांनी पाठीवर थाप मारली. "सरळ चाल."

सरळ गेलो. पुढच्या फटीतही आकडीच. दुकानं संपली, राइस मिल मागं पडली, दोन्हीकडे धानाच्या बांध्या लागल्या. बाबांनी बांधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता आलोच हावो," ते म्हणाले, "त मामाच्या गावी जेवून घेऊ."