शिडीवर कुत्रा कशाला?

जोडून सुट्टी आली की जव्हार-मोखाड्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. 2025 साली 15 ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी दहीहंडी, मग रविवार. कुणी दाभोसाच्या धबधब्याशी थांबतं, कुणी हरिहरच्या कातळपायऱ्या गाठायला त्र्यंबककडे वळतं, कुणी खोडाळ्यावरून घोटीला उतरून थेट बारी गाठतं, कळसूबाई चढायला. आताशा मागच्या सीटवर कुत्राही असतो. लॅब्रॅडॉर, हस्की, एखादा चपट्या नाकाचा पग. या भागातल्या वावरसारख्या गावात कुत्र्यांबरोबर वाढलेल्या माणसाला एवढंच विचारायचं आहे : त्याला वर यायचंय का, हे कुणी पाहिलं?

आमच्या पाड्यावरचा कुत्रा डोंगर रोज तुडवतो. धन्याच्या मागे रानात जातो, रात्री पिकाच्या राखणीला जागतो. त्याला कुणी ओढत नेत नाही. दमला की सावलीत बसतो, जास्तच झालं तर घरी परततो. बारीतली गावठी कुत्रीही माणसांमागे कळसूबाईवर जातात, बिस्किटाच्या आशेने. मनात आलं की अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतात. गळ्यात पट्टा असलेल्याला ती मुभा नाही. वर जायचं धन्याने ठरवलेलं असतं.

कळसूबाई म्हणजे 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. वाटेत उभ्या कातळावर लोखंडी शिड्या आहेत. सुट्टीच्या दिवशी त्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वेळी अडकतात. त्या गर्दीत तीस किलोचा घाबरलेला कुत्रा कडेवर घेऊन उतरणं म्हणजे त्याच्यासह खालच्या चार माणसांचा जीव टांगणीला लावणं.

दुसरी गोष्ट उष्म्याची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरून ओल उडवून तो अंग थंड ठेवतो. ऑगस्टात हवाच पाण्याने जड असते, ती ओल उडत नाही. वारा नाही, चढ उभा, अंगावर केसांचं पांघरूण. शरीराचं तापमान 41 अंशांवर गेलं की जिवावर बेततं. पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्याला तर श्वासाची वाटच अरुंद. आणि तो थांबत का नाही? कारण धनी पुढे चाललाय. तुमच्या मागे येण्यासाठी तो पडेपर्यंत चालेल. हे प्रेम त्याचं आहे, म्हणून जबाबदारी तुमची.

2018 च्या नोव्हेंबरात नेपाळच्या बारुंत्से शिखरावर, 7129 मीटरवर, मेरा नावाची भटकी कुत्री गिर्यारोहकांबरोबर पोहोचली. जगभर कौतुक झालं. ते फोटो पाहून कुणाला हुरूप आला असेल, तर बाकीचंही ऐकावं. मेरा आपण होऊन मागे आली होती, कुणी आणली नव्हती. डोंगरातच वावरलेली होती. तरी तिचे पंजे रक्ताळले आणि उतरताना तिला दोराला बांधावं लागलं.

शिवाय कळसूबाईची वाट कुणाच्या तरी घरातून जाते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे 1986 पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अकोले तालुक्यातल्या शेतीच्या पट्ट्यात बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशोबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, 39 टक्के. म्हणजे रात्री तंबूबाहेर साखळीला बांधलेला कुत्रा हे बिबट्याला दिलेलं आमंत्रण आहे, आणि त्या आमंत्रणाची किंमत शेजारच्या पाड्याने मोजायची. उलट बाजूही आहे. 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतल्या काहींत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्यांचा हा रोग जंगली मांसाहारी प्राण्यांनाही होतो. गावातल्या कुत्र्यांना लस मिळालेली नसते, शहरातल्या सगळ्यांना वेळेवर मिळतेच असं नाही. दोघं नाकाला नाक लावतात, तिथून काय कुठे जाईल कोण सांगणार? पावसाळ्यातल्या गवतात गोचीड असतेच. तुमचा कुत्रा तापाने पडतो तो घरी पोहोचल्यावर.

कुत्र्याला डोंगर दाखवूच नका, असं मी म्हणत नाही. वास घेत रानात हिंडण्याचा आनंद त्याला चार भिंतींत मिळणार नाही, तो त्याचा हक्कच आहे. पण हिवाळ्यातला आडवार निवडा, उजाडता निघा, शिड्या-पायऱ्या नसलेलं पठार बघा, त्याच्यासाठी वेगळं पाणी घ्या, लसीची तारीख पाहून निघा, आणि तो बसला की तिथूनच परता. अभयारण्यात न्यायचा विचार असेल तर आधी वनखात्याला विचारा. जोडसुट्टीला मात्र त्याला ओळखीच्या माणसापाशी ठेवा.

राहिले ते ‘पाळीव प्राण्यांसह ट्रेक’ अशी जाहिरात करून माणशी पैसे घेणारे. त्यांनी त्या जाहिरातीतच लिहावं, की शिडीवर कुत्रा अडला तर त्याला खाली कोण आणणार आणि सुट्टीच्या दिवशी जवळचा जनावरांचा डॉक्टर कुठे उघडा असणार. याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल तर कुत्र्याचे पैसे घेऊ नयेत.