चिमणी पंधराशेची

स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं की, ज्या गृहस्थाने आजवर चहासुद्धा उकळला नाही, तो अचानक चिमणीच्या ताकदीवर बोलू लागतो. ताशी 1200 घनमीटर हवा ओढणारी घ्यावी की 1500? आठ बाय दहाच्या, नऊ फूट उंच खोलीत हवा असते जेमतेम 20 घनमीटर. म्हणजे बाराशेची चिमणीसुद्धा मिनिटागणिक खोलीतली सगळी हवा बदलेल. तरी पंधराशेचीच हवी, कारण समोरच्या फ्लॅटमध्ये बाराशेची आहे. पुढे सोसायटी बाहेरच्या भिंतीला भोक पाडू देत नाही. मग बिनपाइपची चिमणी येते. ती फोडणीचा ठसका गाळून पुन्हा घरातच सोडते. (खिडकी उघडता आली असती, पण तिच्यापुढे आता ओव्हनचं कपाट उभं आहे.)

इंडक्शनवर लोहचुंबक चिकटेल अशाच बुडाचं भांडं तापतं, हे ज्ञान शेगडी ओट्यात बसवल्यावर होतं. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर बाद, आजीचं पितळी पातेलंही बाद. डिशवॉशर 14 जणांच्या ताटवाट्यांचा, घरात माणसं तीन. परात त्यात मावत नाही, लोखंडी तवा गंजतो, आणि उरलेली भांडी मावशी आधी स्वतः घासतात, मग आत लावतात.

ओव्हनला 16 अँपिअरचा पॉइंट लागतो, हे टाइल्स बसल्यावर आठवतं. तूर्त त्यात पापडांचे डबे ठेवलेत. मऊ पडत नाहीत म्हणे.