छे, भीती कसली!

मिसळ खाऊन बाहेर पडलेला माणूस आणि भुताचा सिनेमा बघून बाहेर पडलेला माणूस, दोघांचं बोलणं एकदा ऐका. मिसळवाल्याच्या नाकाला धार लागलेली असते, कान लाल झालेले असतात, ताकाचा दुसरा ग्लास हातात असतो. तरी तो म्हणतो, ‘‘तर्री छान होती, पण तिखट म्हणाल तर नव्हती.’’ सिनेमावाल्याचंही तेच. साडेतीनशे रुपये मोजून, दोन तास अंधारात बसून, शेजारच्याच्या मनगटात नखं रुतवून आलेला हा इसम पार्किंगपर्यंत पोचता पोचता सावरतो आणि सांगतो, ‘‘छे, भीती कसली! काही दम नव्हता.’’ विनोदी नाटकाला हसू आलं नाही तर आपण नाटक पाडतो. भुताच्या सिनेमाला भीती वाटली नाही, तर ते प्रेक्षकाचं कर्तृत्व ठरतं.

हा प्रकार मी २०२५च्या कोजागरीला आमच्या गच्चीवर सविस्तर अभ्यासला. इमारत ठाण्यातली, सात मजल्यांची. लिफ्ट सातव्यापर्यंतच जाते, पुढचा जिना पायी. वॉचमन आणि दूधवाल्याचा मुलगा, अशा दोघांनी वीस लिटर मसाला दुधाचं पातेलं त्या जिन्याने वर आणलं. चंद्र ढगात होता. अंताक्षरी नेहमीप्रमाणे ‘ठ’वर अडली. मग कुणीतरी विचारलं, ‘‘हल्ली काय पाहिलंत?’’ आणि लक्षात आलं, की आमच्या इमारतीत नाटकाला जाणारे तीन आणि भुताचे सिनेमे बघणारे अकरा आहेत. (सोसायटीत माणसाला नाव नसतं, फ्लॅट नंबर असतो, मीही तोच वापरतो.)

पहिलं मत ३०२चं. हा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आदल्याच महिन्यात लागलेला ‘कॉन्ज्युरिंग : लास्ट राइट्स’ त्याने दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा कशाला, तर ‘‘पहिल्यांदा कुठे कुठे घाबरलो नाही ते नीट बघायला.’’ त्याचा निकाल असा, की सगळे नुसते जंप स्केअर, स्वस्तातली भीती. जंप स्केअर म्हणजे काय, असं १०१च्या काकांनी विचारलं आणि आमचा अर्धा तास गेला. पण माहिती चांगली मिळाली. १९४२ साली ‘कॅट पीपल’ नावाचा सिनेमा आला. त्यात रात्री एक बाई निर्मनुष्य रस्त्याने चाललीय, मागे कुणाची तरी पावलं वाजताहेत. मग ती पावलंही वाजेनाशी होतात. शांतता ताणत ताणत नेतात, आणि आता श्वापद झडप घालणार, इतक्यात फस्सकन आवाज करत पडद्यावर घुसते ती साधी प्रवासी बस. निर्माता व्हॅल ल्यूटन, म्हणून या युक्तीला सिनेमावाले ‘ल्यूटन बस’ म्हणतात.

काका जरा वेळ विचारात पडले. ‘‘म्हणजे बस आली म्हणून लोक घाबरले?’’

‘‘हो काका.’’

‘‘आमचा जन्म एसटीत गेला रे बाबा. आम्ही बस नाही आली की घाबरायचो.’’

एवढ्यात तो प्रश्न आलाच. भुताच्या सिनेमावरची बैठक या प्रश्नाशिवाय उठत नाही: ‘‘पण ही माणसं ते घर सोडून जात का नाहीत?’’ एरवी याला उत्तर मिळत नाही. पण आमच्यात ५०४ होते. त्यांचं गृहकर्ज २०४१ साली फिटणार आहे. ते शांतपणे म्हणाले, ‘‘कुठे जाणार?’’ मग त्यांनी २०१३च्या पहिल्या ‘कॉन्ज्युरिंग’चा दाखला दिला. १९७१ साल, ऱ्होड आयलंडमधलं पेरॉन कुटुंब, पाच मुली, आणि नवरा स्पष्ट सांगतो की होता नव्हता तो पैसा या घरात घातलाय. ‘‘भुताटकी झाली म्हणून बँक हप्ता थांबवते का? सांगा ना, थांबवते का?’’

त्या रात्री गच्चीवर खरी भीती पसरली ती या वाक्याने. कुणी दुधाला हात लावेना. शेवटी सेक्रेटरींनी विषय पुनर्विकासाकडे वळवला, म्हणजे आगीतून फुफाट्यात नेला. भुताने संमतिपत्रावर सही नाकारली तर? ‘‘एक्कावन्न टक्के पुरतात,’’ सेक्रेटरी म्हणाले. पण मग त्याला पर्यायी जागेचं भाडं द्यायचं का? आणि ते मूळचं पिंपळावरचं असेल, तर कार्पेट एरिया कसा मोजायचा? यावर जेवढी गांभीर्याने चर्चा झाली, तेवढी गेल्या वार्षिक सभेत गळतीवरसुद्धा झाली नव्हती.

४०४च्या वहिनींचं मत कुणी विचारलं नाही, कारण त्या आधीच म्हणाल्या होत्या, ‘‘मी बाई घाबरते.’’ असं कबूल करणाऱ्या माणसाला दर्दींच्या पंगतीत पाट मिळत नाही. पण मला त्यांची पद्धत ऐकायची होती. त्या आधी गोष्टीचा शेवट वाचून घेतात. मग मोबाइलवर सिनेमा लावतात, आवाज पूर्ण बंद करतात आणि खालच्या अक्षरांवरून बघतात. ‘‘आवाज काढला ना भाऊजी, की सगळी भुतं बिचारी वाटतात. घरभर फिरत असतात, किल्ली हरवल्यासारखी. पण खाली कंसात ‘दार करकरतं’ असं आलं की मला घाम फुटतो.’’ आजवर भयपटांतल्या ध्वनीवर मी पुष्कळ वाचलं. एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलेलं आठवत नाही. हे सांगून झाल्यावर वेलदोड्याची पूड कमी पडली म्हणून त्या खाली जाऊन डबी घेऊन आल्या.

तोवर ६०३च्या मुलीने सूत्रं हातात घेतली होती. ती मानसशास्त्रात एमए करतेय. ‘द बाबाडूक’, ‘हेरेडिटरी’ हे तिचे सिनेमे. तिच्या मते त्यातलं भूत हे भूत नाहीच; ते न पचलेलं दुःख आहे, पिढ्यांचा ट्रॉमा आहे. ३०२ने मान डोलावली. हल्ली अशा वेळी मान डोलवावी लागते. भूत नुसतं भूत असेल तर बघणारा गावंढळ ठरतो; ते कशाचं तरी प्रतीक निघालं की तोच माणूस रसिक होतो, तिकीट तेच.

‘‘मग आमचा मुंजा काय वेगळं करत होता?’’ काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. आपल्या जुन्या भुतांची यादी काढा. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी पोरगा गेला, तो मुंजा. बाळंतपणात दगावलेली बाई मागे उरते. विद्या असून ज्याने कुणाला दिली नाही, तो ब्रह्मराक्षस होतो. एकूण एक अतृप्त, प्रत्येकाची फाइल तयार. आमच्या आजीला ट्रॉमा हा शब्द माहीत नव्हता, पण कोणत्या झाडावर कुणाचा ट्रॉमा बसलाय हे ती अमावास्येलाही सांगू शकायची. शिवाय तिच्याकडे उपायही होता: दहीभाताचा उतारा, लिंबू, नारळ. फार तर कोंबडा. विलायती भुताची पंचाईत ही, की त्याला नक्की काय हवंय ते शेवटच्या रिळापर्यंत कुणाला कळत नाही. ते नुसती दारं आपटतं. आमच्याकडे दारं आपटणाऱ्याला पहिला प्रश्न, ‘‘जेवलास का?’’

इथे ‘तुंबाड’ निघाला, आणि गच्चीवर एकदम देवळातली शांतता झाली. या सिनेमाबद्दल वाईट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. प्रत्येकाने सांगितलं, की आपण तो २०१८ मध्येच, पहिल्या आठवड्यात, थिएटरात जाऊन पाहिला. मी गप्प बसलो. पण हिशेब बघा: ऑक्टोबर २०१८ मध्ये तो लागला तेव्हा बेताचा चालला, सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. आज पहिल्या आठवड्याची शपथ घेणारे सगळे खरोखरच तेव्हा गेले असते, तर दुसऱ्यांदा लावायची वेळ आली नसती. (मी स्वतः तो २०२० मध्ये पाहिला. दिवसा. पडदे उघडे ठेवून.)

काकांना मात्र मुळात सिनेमाचंच श्रेय मान्य नव्हतं. ‘‘ते सगळं धारपांचं!’’ नारायण धारप म्हटलं की काका खुर्चीत पुढे सरकतात. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना ‘तुंबाड’चं बीज धारपांच्या गोष्टीत मिळालं, हे खरंच आहे, पण काकांच्या सांगण्यात धारपांनी जवळजवळ कॅमेराही धरला होता. एकदा तर धारपांची वाचनालयातून आणलेली प्रत शेवटची चार पानं फाटलेली निघाली. ‘‘पुढे काय झालं ते आजतागायत माहीत नाही. याला म्हणतात भीती!’’ धारप स्वतः स्टीफन किंगकडून बरंच काही घेऊन मराठीत आणत, असं ३०२ने बारीक आवाजात सांगितलं. काकांना त्या वेळी नेमकं कमी ऐकू आलं.

३०२ची अडचण वेगळीच होती. नाव ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलंय असं कुणाकडून तरी कळल्यावर त्याने श्री. ना. पेंडशांची ती कादंबरी मागवली होती, दोन्ही खंड. पहिला संपत आला होता. ‘‘काका, यात सिनेमातला हस्तर कधी येतो?’’

‘‘येतोय की! पहिल्या पानापासून खोत आहेत ना!’’

आता २०४चे मास्तर. निवृत्त, विज्ञानाचे शिक्षक, बुवाबाजीविरुद्ध आयुष्यभर भाषणं केलेले, २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा सोसायटीत पेढे वाटलेले. आणि आमच्यात भुताचे सिनेमे सर्वांत जास्त पाहिलेले. ‘‘शत्रूचा अभ्यास असावा,’’ असं ते म्हणतात. हा अभ्यास त्यांनी रामसे बंधूंपासून केलाय. ‘पुराना मंदिर’ तीनदा, ‘वीराना’ किती वेळा हे ते सांगत नाहीत. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली आणि अंधश्रद्धा पसरवते म्हणून कोकणातून ओरड झाली, तेव्हा मास्तरांनीही निषेधाचं पत्र धाडलं होतं. पुढे मालिकेतल्या आकेरीच्या वाड्यासमोर लोक गाड्या थांबवून फोटो काढू लागले. मास्तरांचाही एक आहे. ‘‘स्थळपाहणी,’’ ते म्हणाले.

भीती वाटत नाही हे सिद्ध करण्याचा सगळ्यात जवळचा योगही मास्तरांनाच आला होता. २००८ साली राम गोपाल वर्मांनी ‘फूंक’ काढला आणि जाहीर केलं, की थिएटरात एकट्याने बसून हा बघून दाखवा, पाच लाख रुपये घ्या.

‘‘मग मास्तर, गेला नाहीत?’’

‘‘नाव देणार होतो हो. पण ही म्हणाली, एकटे कशाला जाता, मीही येते. अट एकट्याची होती. काय करणार?’’

कुणी हसलं नाही. अशा अडचणी प्रत्येकाच्या संसारात असतात.

‘मुंज्या’ आणि ‘स्त्री २’ यांचा निकाल दोन मिनिटांत लागला: ज्यांना हसू आलं त्यांनी भीती वाटली नाही म्हणून नाक मुरडलं, ज्यांना भीती वाटली ते हसल्याचं सांगत होते. ‘लपाछपी’चं मात्र नाव निघालं आणि बायका गप्प झाल्या. उसाचं शेत, पोटुशी बाई आणि नको असलेल्या मुली. त्यात प्रतीक शोधायला ६०३ची गरज पडली नाही. पुरुषांनी घाईघाईने दूध मागितलं.

मग ५०४नी, म्हणजे गृहकर्जवाल्यांनी, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘एकदा मात्र मी घाबरलोय.’’ सगळे सावरून बसले. ‘‘‘झपाटलेला’. तात्या विंचू.’’ आणि काय सांगू, एकेक करत कबुल्या सुरू झाल्या. १९९३ साली जे सात-आठ वर्षांचे होते, त्यांच्यातल्या कुणाच्याच घरी त्यानंतर बाहुला टिकला नव्हता. कुणी माळ्यावर टाकला, कुणी गोणीत बांधला, एकीने सरळ मावसबहिणीला वाढदिवसाला दिला. रामदास पाध्यांनी घडवलेलं बाहुलं आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज, एवढ्या भांडवलावर अख्खी पिढी पांघरुणात घुसली होती. आणि तो सिनेमा विनोदी होता! भीतीचा कायदा मला तिथे समजला. ती तीस वर्षं जुनी झाली की कबूल करता येते. गेल्या महिन्यातली भीती अजून कुणाच्या नावावर चढलेली नाही.

साडेबारा वाजून गेले. सेक्रेटरी म्हणाले, पातेलं आजच खाली पार्किंगमधल्या खोलीत ठेवलं पाहिजे, सकाळी दूधवाला न्यायला येईल. वॉचमन गेटवर होता. ३०२ म्हणाला, ‘‘मी नेतो ना,’’ आणि जागचा हलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘पण लिफ्टने नको.’’ राम गोपाल वर्मांनी २००३च्या ‘भूत’मध्ये भुताला वाड्यातून उठवून मुंबईच्या उंच इमारतीत फ्लॅट दिला, तेव्हापासून लिफ्टबद्दल काही लोकांची मतं ठाम आहेत. मास्तर म्हणाले, जेवण जड झालंय, जिना उतरलेला बरा. काकांना गुडघे मोकळे करायचे होते. ५०४ना गाडी लॉक केली की नाही आठवेना. ६०३ला, ती म्हणाली, हे नुसतं निरीक्षण करायचं होतं. सेक्रेटरींकडे खोलीची चावी होती, त्यांना जाणं भागच होतं. वहिनी मघाच झोपायला गेल्या होत्या.

मी? मला आठ मजले एकट्याने गच्चीचं दार लावून उतरायचं नव्हतं, असं नाही. पण लेखकाने शेवटपर्यंत विषयासोबत असावं.

भरलेलं पातेलं वर आणायला दोघे पुरले होते. रिकामं खाली न्यायला आम्ही सात जण निघालो.