पायगुणाचा पंचनामा

मनुष्याचा पायगुण मोजण्याचे यंत्र अद्याप निर्माण व्हावयाचे आहे, असे शास्त्रज्ञ म्हणोत. आमच्या जानेफळच्या घरी ते यंत्र चार वर्षे गोठ्याच्या पडवीत उभे होते, त्याला चार चाके होती, आणि त्याने दिलेल्या निकालाप्रमाणे माझ्या आईचे थोरले बंधू, म्हणजे आमचे मामा, हे पूर्ण आठ अँपिअरचे अपशकुनी ठरले होते.

यंत्राचे नाव प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ही कन्यका मूळच्या इटालियन फियाट घराण्यातील असून १९७४ साली तिचे बारसे होऊन तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. अग्नीविषयी तिला जी ओढ होती ती या नामसंस्कारातून आली असावी, असे मला पुढे पुष्कळदा वाटले. माझ्याकडे ती तिसऱ्या हाताने आली, आणि पहिल्या दोन हातांनी तिच्या अंगावर जे काही केले होते ते कागदोपत्री कोठेही नमूद नव्हते. पांढऱ्या तारेला मध्येच निळी तार, तिला पुढे विजेच्या घरगुती फिटिंगची लाल तार आणि सांध्यावर चिकटपट्टीऐवजी साडीची किनार, असे तिचे वायरिंग पाहून मला नेहमी वारसनोंदी न झालेल्या एखाद्या सातबाऱ्याची आठवण येई.

मामा घाटाखालचे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगावयास हवे, की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मनुष्यजातीचे दोन भेद मानतात: घाटावरचे आणि घाटाखालचे. खामगाव, शेगाव, मलकापूर हे खाली. मेहकर, चिखली आणि आम्ही वर. खामगावास जलंबहून आगगाडीचा फाटा १८७० सालीच आला, त्यामुळे सुधारणा प्रथम आपल्याकडे उतरली असा घाटाखालच्यांचा दावा असतो, आणि उतरणारी वस्तू खालीच राहावयाची, असे आमच्याकडचे उत्तर असते. मामांची हयात दिवाणी न्यायालयात नाझर म्हणून गेलेली. वर्षातून दोनदा ते सायंकाळच्या गाडीने शेगावास उतरत, गजानन महाराजांचे दर्शन घेत, आणि मी त्यांना मोटारीतून जानेफळास आणी. बरोबर एक पत्र्याची पेटी असे. तिच्यात धोतरजोड्या किती आणि जुने निवाडे किती हे मला कधी कळले नाही. परंतु उचलताना न्यायाचे वजन जाणवत असे.

शेगाव ते खामगाव सर्व दिवे सुरळीत चालत. खामगाव मागे पडून घाटाची चढण लागली, की मामा एखाद्या गहाणखताची हकिगत अर्ध्यावर आणीत, आणि नेमक्या त्या क्षणी माझ्यासमोरच्या घड्याळांचा उजेड नाहीसा होई. त्याच फ्यूजवर मागचे दिवेही असल्यामुळे तेही अंतर्धान पावत. पुढचे मोठे दिवे शाबूत राहत. म्हणजे आम्हांला जग दिसे, पण मागून येणाऱ्या जगाला आम्ही दिसत नसू. कापसाच्या हंगामात, स्वतःही मागच्या दिव्यांविषयी विरक्त असलेल्या ट्रॅक्टरांच्या सोबतीने तो घाट चढताना मला जे अध्यात्म सुचले ते येथे अप्रस्तुत आहे.

असे एकदा घडले, दुसऱ्यांदा घडले, आणि पाचव्यांदा घडले तेव्हा माझ्या वडिलांच्या भगिनी, आमच्या आत्याबाई, यांनी माजघरातून फैसला जाहीर केला: "मी रोज रात्री मेहकरच्या बालाजीला जाऊन येईन म्हटलं तरी गाडीचं काही होत नाही. हेच बसले की कसं विझतं?" आईने भावाची बाजू घेतली, पण पुरावा आत्याबाईंच्या पदरात होता. मामा नसताना फ्यूज एकदाही उडाला नव्हता. दिवसा मामांना आणले तेव्हा काही घडले नव्हते, हा मुद्दा आईने मांडला, त्यावर "अवदसा दिवेलागणीलाच येते" असे उत्तर मिळून आईचे अपील खारीज झाले.

आता या फ्यूजविषयी. त्या गाडीतला फ्यूज म्हणजे चिनीमातीची, दोन्ही टोकांस निमुळती, बोटाच्या पेराएवढी कांडी. तिच्या पाठीवरून धातूची एक पातळ पट्टी गेलेली असते आणि ती दोन पितळी चिमट्यांत धरून ठेवलेली असते. पांढरी कांडी आठ अँपिअरची, तांबडी सोळाची, निळी पंचवीसची. तारेतून मर्यादेबाहेर प्रवाह जाऊ लागला, की ही पट्टी स्वतः वितळून वाट तोडते. तारायंत्राच्या कचेऱ्यांचे विजेपासून रक्षण करण्यासाठी बारीक तार मध्ये घालावी, अशी सूचना ब्रेगे नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८४७ सालीच केली होती, आणि १८९० साली एडिसनसाहेबांनी फ्यूजचे पेटंट घेतले. म्हणजे मरण्यासाठीच नेमणूक झालेल्या या नोकराची सेवा जुनी आहे. परंतु आपल्या देशात त्याच्याविषयी एकूण मत असे, की जो वारंवार मरतो तो कामचुकार. जानेफळात डीपीवरच्या किटकॅटमध्ये बारीक तार कोणी घातली तर त्या लाईनमनला लोक अननुभवी समजतात; ज्याने खिळ्याएवढी जाड तार घातली तो जाणता, कारण त्याची तार कधी जात नाही, जातो तो ट्रान्सफॉर्मर.

मीही याच मतप्रवाहातला. प्रथम एका कारागिराने मला सांगितले, की चिमट्यांना गंज आहे. त्याने पॉलिश पेपरने ते घासून लख्ख केले. निदान सर्वस्वी खोटे नव्हते, कारण या जातीच्या फ्यूजमध्ये कांडी धडधाकट दिसते आणि चिमटा सैल किंवा काळा पडल्यामुळे प्रवाह जात नाही, असेही पुष्कळदा होते. मात्र आमची कांडी जळत होती, आणि जळालेल्याला स्वच्छ बिछान्यावर निजवल्याने तो उठत नाही. दुसऱ्याने पांढऱ्याच्या जागी निळी कांडी तैनात केली. तिसऱ्याने सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली व "आता जन्मात उडणार नाही" असे अभय दिले. त्याचे वचन खरे ठरले. पुढच्या खेपेस घाटात फ्यूज उडाला नाही, गाडीत केवळ रबर जळाल्याचा वास पसरला, आणि मामा म्हणाले, "भाच्या, कोणाकडे होळी आहे का?" गाडी थांबवून मी बॅटरीची तार उपसली, तेव्हा हात भाजला. पहारेकऱ्याला न मरण्याचा हुकूम दिला, की वाड्याने जळावयाचे, एवढा धडा त्या फोडाने दिला.

अखेरीस मी गावातल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चांदी चिमट्यात धरून वर केली, जप्तीतला माल पंचांना दाखवावा तशी दाखवली आणि म्हणाले, "गुर्जी, फ्यूजले काहून शिव्या देता? तो त आपलं काम करून मेला. चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राह्यले तुमी."

मग त्यांनी हिशेब मांडला. मागचे दिवे पाच-पाच वॅटचे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर असा एक दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही. त्या फ्यूजवरचे सगळे दिवे मिळून दोन-अडीचच्या पुढे मागणी जात नाही. म्हणजे आठाची कांडी जळते ती दिव्यांच्या भुकेने नव्हे; तार कोठेतरी उघडी पडून गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला, टेकते, आणि मग वाटेत अडवणारा कोणी नसल्यामुळे शंभरावर अँपिअर धावत सुटतात. कोठे टेकते, एवढाच प्रश्न. त्यासाठी त्यांनी नवी कांडी न घालता चिमट्यांना टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन तारांचा एक साधा दिवा, जोडला. गाडीचे दिवे लावताच तो मंद पेटला. "असा मंद हाय तंवर समदं ठीक. लख्ख झाला का समजा शॉर्ट." अर्धा तास त्यांनी तारा हलवल्या, ठोकल्या, ओढल्या, दिवा स्थितप्रज्ञासारखा मंदच.

"कवा उडते ते सांगा," ते म्हणाले. मी संकोचत म्हटले, "मामा बसले की."

मिस्त्री हसले नाहीत, हे त्यांच्या व्यवसायनिष्ठेला भूषणावह होय. "मंग मामाले आना."

मामा त्या वेळी घरीच होते, आणि आरोपाची कुणकुण त्यांना होती. सेवानिवृत्त नाझराला शोभेल अशा गांभीर्याने, टोपी घालून, काठी घेऊन ते पुरावा म्हणून हजर झाले व मागच्या आसनावर बसले. दिवा मंद. त्यांना उठून पुन्हा बसावयास सांगितले, मंद. गहाणखताची हकिगत सांगावयास लावली, मंदच. आत्याबाई दारातून पाहत होत्या. "घाट कुठाय इथे?" त्यांनी हरकत घेतली, आणि मला कबूल करावे लागते, की त्या दिवसातला सर्वांत शास्त्रीय प्रश्न तोच होता. गाडीची पुढची चाके ओट्याच्या उतारावर चढवली. तरी मंद. तेव्हा मामा काठी टेकून म्हणाले, "मुद्देमाल अपुरा आहे. मी येतो तेव्हा पेटी असते."

पेटी आणली, डिकीत ठेवली. चढावर उभ्या गाडीत ती खरखरत दोन वितीभर मागे घसरली, मागच्या दिव्याकडे जाणाऱ्या तारेवर तिची पत्र्याची कड टेकली, आणि चिमट्यांमधला तो मंद दिवा असा लख्ख पेटला, की आत्याबाईंनी सवयीने हात जोडले.

रात्र हवी, कारण दिवे लावल्याशिवाय त्या तारेत वीज नसे, पेटी हवी, आणि चढण हवी. तिन्ही एकत्र येत ते केवळ मामांच्या ठायी. मिस्त्रींनी तार बदलली, छिद्रात रबराची नवी वाटी बसवली, पांढरी कांडी लावली आणि पेटीला डिकीत दोरीने जखडण्याची शिफारस केली. मामांनी निकालाची तोंडी नक्कल आत्याबाईंना दोनदा ऐकवली. त्या म्हणाल्या, "पेटी कोणाची?"

पुढच्या दिवाळीत मी मामांना शेगावाहून आणले. घाट चढून वर आलो. घड्याळे उजळलेली, मागचे दिवे जागेवर. जानेफळात शिरलो, अंगणात गाडी उभी केली, मामा उतरले, आणि त्यांनी उंबरठ्यावर पाऊल ठेवताच डीपीवर फट् असा आवाज होऊन सबंध आळी अंधारात बुडाली. घरात कोणीही बोलेना. आत्याबाईंचा श्वास तेवढा विजयी ऐकू येत होता. मग अंधारातून मामांचा खणखणीत आवाज आला:

"माझी पेटी अद्याप डिकीत आहे, एवढे नोंदवून ठेवा."