आमच्याकडे तर टिपूसही नाही!

जगातली सर्वांत मोठी वेधशाळा कुठे आहे, असं कुणी विचारलं तर दिल्ली, पुणे, अमेरिका अशी उत्तरं देऊ नका. ती तुमच्या खिडकीत आहे. तिला उपग्रह लागत नाही, रडार लागत नाही. पडदा बाजूला सारायचा, आभाळाकडे एक नजर टाकायची आणि निकाल द्यायचा, "कसलं वादळ? आमच्याकडे तर टिपूसही नाही!"

ही काही मराठी माणसाची मक्तेदारी नाही. माझा भाचा अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीजवळ राहतो. तिथे मे महिना आंब्यांचा नसतो, टोर्नेडोचा असतो. शहराला लागून असलेल्या मूर गावाची 1999 आणि 2013 अशी दोनदा मे महिन्यातच धूळधाण झाली आहे. शनिवारी दुपारी बाराला भोंगे वाजले तर ती चाचणी, एरवी वाजले तर खरं संकट, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

तर एकदा भोंगा एरवी वाजला. भाचेसुनेने पोरांच्या डोक्यांवर सायकलची हेल्मेटं चढवली, त्यांना घेऊन ती घराच्या मधोमध असलेल्या बिनखिडकीच्या कपड्यांच्या खोलीत शिरली आणि वरून गादी ओढून घेतली. भाचा कुठे होता? अंगणात, शेजाऱ्यासोबत. शेजाऱ्याच्या एका हातात बिअर, दुसऱ्या हातात फोन आणि तोंडाने धावतं समालोचन. चिरंजीवांनी आम्हालाही व्हिडिओ कॉल लावला. इकडे पहाट व्हायची होती. पडद्यावरचं हिरवट-काळं आभाळ बघून माझी बहीण किंचाळली, "अरे मेल्या, आत जा आधी!" उत्तर आलं, "आई, ते पलीकडच्या गावाकडे चाललंय. आपल्याकडे काही नाही." पोरगा साता समुद्रापार गेला, पण खिडकी बरोबर घेऊन गेला.

शेजाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. अमेरिकेत टोर्नेडोचे दहा इशारे निघाले तर सुमारे सात वेळा टोर्नेडो येतच नाही. माणूस भोंग्याला सरावतो. 22 मे 2011 रोजी मिसुरीतल्या जॉप्लिन शहरात संध्याकाळी पहिला भोंगा वाजला. नंतरच्या सरकारी पाहणीत आढळलं, की बहुतेकांनी त्याबरोबर आसरा गाठलाच नाही. कुणी टीव्ही लावला, कुणी दार उघडून बघितलं. खात्री करून घेत होते. खात्री थोड्याच वेळात स्वतः चालून आली. दीडशेहून जास्त माणसं गेली.

कॅन्ससमधल्या टोपेकाची श्रद्धा आणखी पक्की. शहराच्या नैर्ऋत्येला बर्नेट्स माउंड नावाची टेकडी आहे. ती आहे तोवर टोर्नेडो शहरात शिरत नाही, असं जुनीजाणती मंडळी सांगत. 8 जून 1966 रोजी टोर्नेडो नेमका त्याच टेकडीवरून आला आणि शहर तिरकं चिरत पलीकडे गेला. टेकडीला काही झालं नाही.

आणि फॉरवर्ड म्हणाल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या आधीही होतेच. 1991 मध्ये कॅन्ससात टीव्हीच्या माणसांनी महामार्गावरच्या पुलाखाली आसरा घेऊन टोर्नेडोचं चित्रण केलं. ते वाचले, चित्रफीत गाजली आणि लोकांनी धडा घेतला, की पूल म्हणजे सुरक्षित जागा. वास्तविक पुलाखालच्या चिंचोळ्या जागेत वारा जास्तच जोराने घुसतो. 3 मे 1999 रोजी ओक्लाहोमात असा पुलांचा आसरा घेतलेले तिघं जिवाला मुकले.

आता आपल्या अंगणात या. 'मुंबईला चक्रीवादळ शिवत नाही, मुंबादेवी राखते' हे आपलं बर्नेट्स माउंड. 3 जून 2020 रोजी, करोनाने आधीच घरात कोंडलेली मुंबई निसर्ग चक्रीवादळाची वाट बघत बसली होती. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि मुंबई थोडक्यात वाचली. संध्याकाळच्या चहापर्यंत निकाल लागला, "फुसका बार निघाला!"

त्याच संध्याकाळी श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि खाली दापोलीकडे केळशी-आंजर्ल्यापर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. पत्रे उडून भलत्याच वाडीत, कौलांचा चुरा, विजेचे खांब रस्त्यावर. पोफळ लावल्यापासून हातात सुपारी पडेपर्यंत पाच-सात वर्षं जातात, तेव्हा एका दुपारीत नुसती बाग नाही, पुढची सगळी वर्षं गेली होती. अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. 'आमच्याकडे काय झालं' हे सांगायला त्यांचे फोनच चालत नव्हते. फुसका बार म्हणणाऱ्यांच्या फोनला मात्र फुल्ल रेंज होती.

खरं तर खिडकीची लायकी काय, हे मुंबईनेच सर्वांत आधी ओळखायला हवं. 26 जुलै 2005 च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला 73 च्या आसपास. शहर एक, महापालिका एक, लोकलचा पासही एक. कुलाब्याचा गृहस्थ त्या दिवशी "पाऊस आहे, पण एवढा काही नाही" म्हणाला असेल, तर तो खोटं बोलत नव्हता. त्याला फक्त कुर्ला दिसत नव्हतं.

हवामान खातं 1875 सालचं. दीडशे वर्षांत खात्याकडे उपग्रह आले, डॉप्लर रडार आली, महासंगणक आले. आपल्याकडे विनोद मात्र एकच, "त्यांनी पाऊस सांगितलाय ना? मग खुशाल पापड वाळत घाला." पुण्यातल्या शिमला ऑफिसवरून, म्हणजे हवामान खात्याच्या कचेरीवरून, जाणाऱ्या कित्येक पिढ्या हा विनोद करून हसल्या. रेड अलर्ट लागतो, जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात आणि नेमकं कडकडीत ऊन पडतं. पालक चिडतात, "पोरांचं नुकसान कोण भरून देणार?" पुढच्या खेपेला सुट्टी दिली नाही आणि स्कूलबस पाण्यात अडकली, की तेच पालक विचारतात, "प्रशासन झोपलं होतं का?" दोन्ही वेळा त्यांचा आवाज तेवढाच चढलेला असतो.

सध्या कट्ट्यावर हवामानबदलाची चलती आहे. 2025 मध्ये मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजी दाखल झाला आणि 1956 चा 29 मेचा विक्रम मोडला. त्यावर कट्ट्यावरचे एक काका म्हणाले, "त्यात काय! आमच्या लहानपणी मे महिन्यातच यायचा." दुसरे म्हणाले, "छे छे! आमच्या लहानपणी सात जून म्हणजे सात जून." दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर होते. डिसेंबरात गारठा पडला की "कुठंय तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?" आणि एप्रिलात घामाच्या धारा लागल्या की "कलियुग, दुसरं काय!"

शास्त्रज्ञांची पंचाईत अशी, की त्यांना असं बोलता येत नाही. अमेरिकेत वर्षाला बाराशेच्या आसपास टोर्नेडो होतात. तापमानवाढीने त्यांची संख्या वाढली, असं ते छातीठोकपणे म्हणत नाहीत. एवढंच म्हणतात, की टोर्नेडो आता कमी दिवसांत घोळक्याने येतात आणि मैदानी पट्टा सोडून पूर्वेला, मिसिसिपी-टेनेसीच्या बाजूला सरकताहेत. अरबी समुद्राबद्दल मात्र पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आकडे मांडून सांगितलं आहे, की आधीच्या तुलनेत अलीकडच्या दोन दशकांत इथली चक्रीवादळं निम्म्याहून थोडी जास्तच वाढली आहेत आणि ती टिकतातही जास्त वेळ. म्हणजे शास्त्रज्ञ जिथे जपून बोलतात, तिथे आपण प्रलयाची तारीख सांगतो. ते कंठशोष करून सांगतात, तिथे आपण पडदा सारून बाहेर बघतो.

हिशेब सरळ आहे. इशारा फोल ठरला तर तुमचा अर्धा दिवस वाया जातो. खरा ठरला आणि तुम्ही अंगणात फोन धरून उभे असाल, तर पुढचा हिशेब दुसऱ्याच कुणाला करावा लागतो. तेव्हा पुढच्या वेळी फोनवर लाल इशारा आला, की आधी आत जा, फोन चार्ज करा आणि किनाऱ्यावर कुणी आपलं माणूस असेल तर त्याला विचारा, "तुमच्याकडे काय परिस्थिती आहे?" शिव्या सावकाश घाला. हवामान खातं कुठे पळून जात नाही.