काकूंचा अमेरिकन आश्विन

पूर्वी काशीयात्रा करून परतणारा गृहस्थ एखादे आवडते फळ गंगेच्या साक्षीने कायमचे सोडून येत असे, आणि पुढे आयुष्यभर ‘आम्ही काशीला पेरू सोडला’ हे वाक्य भर पंक्तीत अशा काही धीरगंभीर स्वरात उच्चारीत असे, की पेरू खाणाऱ्या इतर मंडळींना आपल्या हातून काही प्रमाद घडत असल्याचा भास व्हावा. काळ पालटला, तीर्थेही पालटली. मुलाच्या अगर मुलीच्या घरी सहा महिन्यांच्या परवान्यावर अमेरिकावारी करून परतणाऱ्यांची जी एक नवी यात्रेकरू जमात अलीकडे उदयास आली आहे, ती तिकडे काही सोडून येत नाही. ती काहीतरी धरून येते. कोणी सकाळी थंड दुधात भिजवलेले धान्य खाण्याचे व्रत धरतो. कोणी रस्त्यात भेटेल त्या अनोळखी इसमाकडे पाहून स्मित करण्याचे धरतो, आणि हा आता उसने पैसे मागणार या धास्तीने तो इसम रस्ता ओलांडून पलीकडे जातो. आमच्या शेजारच्या काकूंनी सफरचंद धरले.

आमच्या तलमडुगुची भाषिक कैफियत आधीच गुंतागुंतीची आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखाच्या वाट्याला गेले आणि आम्ही तेलुगू मुलखात राहिलो. परिणामी आमची सोयरीक किनवटात, कचेरी तेलुगूत, दफ्तरातले शब्द निजामाच्या अमदानीतले आणि भांडण मात्र अस्सल मराठीत, अशी जी व्यवस्था कायम झाली, तीत आजवर कोणालाही काही विसंगत वाटलेले नाही. अशा या बहुभाषिक पण ऋतूंच्या बाबतीत एकमत असलेल्या गावात काकूंनी न्यू जर्सीहून परतल्याबरोबर सातव्या ऋतूची स्थापना केली. त्या ऋतूचे नाव ‘फॉल’.

काकूंचे वय पासष्टीच्या आसपास, बांधा ठेंगणा, आवाज मात्र उंच. अंगावर नारायणपेठी साडी आणि तिच्या काठाखाली न्यू जर्सीत घेतलेले पांढरेशुभ्र धावण्याचे बूट. त्या बुटांनी त्या कधी धावल्याचे ऐकिवात नाही. परंतु ते पायात असले म्हणजे त्या वाण्याच्या दुकानातही हिंगाची पुडी पाठीमागे फिरवून तीत काय काय मिसळले आहे याचा मजकूर वाचतात. काका महसूल खात्यातले सेवानिवृत्त गिरदावर. ज्यांच्या सहीवाचून एके काळी पहाणीत पीक उगवत नसे, त्या काकांना आता घरातल्या कुठल्याच कागदावर सही करण्याचे काम उरलेले नाही, आणि या रिकामपणामुळेच काकूंच्या पाकशाळेला एक उत्तम दर्जाचा पेशकार फुकटात लाभला आहे.

फॉलचा आरंभ काकू आश्विनात करतात. आता आश्विन म्हणजे आमच्याकडे आकाश निवळण्याचे, ओढ्यांचे पाणी नितळ होण्याचे आणि रात्री सुंदर चांदणे पडण्याचे दिवस खरे. पण दुपारचे ऊन असे, की कपाशीच्या वेचणीला गेलेल्या बाया अकराच्या सुमारास झाडाची सावली शोधू लागतात. बोंडे फुटलेली असतात, सोयाबीनच्या मळणीचा धुरळा अजून अंगणावर उतरत असतो, आणि पानगळ म्हणाल तर तिचा मागमूसही नसतो. कारण आमचा सागवान माघ-फाल्गुनापर्यंत पाने सोडण्याचे नाव काढत नाही आणि त्याने ती सोडली की लगेच पळस पेटतो. निसर्गाची ही बेशिस्त काकूंना मान्य नाही. पदराने कपाळावरचा घाम टिपीत त्या म्हणतात, “हवेत गारवा आलाय, नाही? तिकडे आता झाडं लालभडक झाली असतील.”

“इथं रान पांढरंफटक झालंय,” काका वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगतात, “वेचणीला बाया मिळत नाहीत, तेवढं बघ.”

फॉल एकदा लागू झाला की त्याचा मुख्य विधी म्हणजे सफरचंदाची कुकी. कुकी म्हणजे बिस्किट, असे कोणी अनवधानाने म्हणाले तर काकूंच्या मुद्रेवर उमटणारा खेद पाहवत नाही. वास्तविक बिस्किटांची परंपरा काकूंना परकी नव्हती. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, साखर आणि वनस्पती तुपाचा डबा घेऊन बेकरीत जाण्याचा, आपला घाणा लागेपर्यंत भट्टीच्या धगीत बसण्याचा आणि पत्र्याचा डबा भरून बिस्किटे घरी आणण्याचा जो प्रघात मराठी घरांत सर्वत्र होता, त्यात काकूंची ख्याती अशी, की आपले ताट दुसऱ्याच्या ताटाशी बदलले जाऊ नये म्हणून त्या भट्टीच्या तोंडाशी उभ्या राहत आणि भट्टीवाला त्यांना पाहून मनातल्या मनात नमाज पढत असे. परंतु तो सर्व इतिहास आता रद्दबातल झाला.

सफरचंद हे अमेरिकेचे फळ, ही काकूंची श्रद्धा. त्याचे मूळ मध्य आशियात आहे, हे काकांनी नातवाच्या पुस्तकातून वाचून दाखवले, ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. मात्र सॅम्युअल स्टोक्स नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने १९१६ साली लाल सफरचंदाची कलमे आपल्या देशातून आणून सिमल्याजवळच्या कोटगढला लावली आणि हिमाचलातल्या बागा त्यानंतर बहरल्या, ही हकिकत कळताच त्यांनी ती विजयपताकेप्रमाणे गावभर फिरवली. “म्हणजे ज्या फळासाठी तू विमानानं एवढी लांब गेलीस,” काका म्हणाले, “ते तुझ्याआधी शंभर वर्षं इकडे येऊन बसलंय.” आणि बसले आहे म्हणजे अगदी दारात, कारण श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आदिलाबादेवरूनच जातो, आणि ऐन आश्विनात काश्मिरी सफरचंदांच्या पेट्या त्याच रस्त्याने खाली उतरतात.

याहून जवळचे सफरचंदही उपलब्ध होते. आमच्याच जुन्या जिल्ह्यातल्या, केरामेरीजवळच्या धनोरा गावच्या एका शेतकऱ्याने हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेच्या शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाने सफरचंदाची बाग उभी केली आणि २०२० साली तिची फळे थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचली, तेव्हा साऱ्या मुलखाने तोंडात बोट घातले. उष्ण हवेत धरणारी ही जात हिमाचलातल्या हरिमन शर्मांनी निपजवली. तिचे फळ ऐन उन्हाळ्यात, जूनच्या सुमारास तयार होते. काकूंनी ते एका वाक्यात निकालात काढले: “जूनमधल्या सफरचंदाला फॉलची चव कुठून येणार?”

कुकीची कृती न्यू जर्सीतल्या सुनेने लिहून दिलेल्या एका कागदावर आहे, आणि त्या कागदाला घरात जे स्थान आहे ते पूर्वी इनामाच्या सनदेला असे. कृतीत भट्टीची उष्णता ३५० अंश लिहिलेली. पण ती फॅरनहाइटमध्ये, आणि आदिलाबादेच्या बाजारातून आणलेल्या ओव्हनची तबकडी सेल्सिअसमध्ये. काकांनी बत्तीस वजा करून, पाचाने गुणून, नवांनी भागून १७७ हा आकडा काढला, त्याखाली तारीख घालून सही केली आणि ती नक्कल ओव्हनवर डकवली. यानंतरचे कलम होते: ‘लोणी खोलीच्या तापमानाला मऊ होऊ द्यावे.’ ज्या देशात हे वाक्य लिहिले गेले त्या देशातल्या खोलीचे तापमान निराळे आणि तलमडुगुतल्या खोलीचे निराळे, ही बाब मसुदा करणाराच्या लक्षात आलेली दिसत नाही. कारण काकू फोनवर बोलून परत येईपर्यंत लोण्याने तुपाचे रूप धारण करून टेबलाच्या कडेवरून जमिनीकडे प्रयाण केले होते.

दुसरी अडचण खुद्द फळाची. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असते, आणि किसून ते कणकेत घातले की ते सगळे पाणी भट्टीत आपला हक्क सांगू लागते. काकूंनी कीस पंचात घालून पिळला, ओट जास्त घातले, दालचिनी आणि जायफळ मुक्तहस्ताने उधळले. घरभर असा काही परिमळ सुटला, की रस्त्याने जाणारी माणसे थांबून ‘आज कोणाचं श्राद्ध आहे?’ असे विचारू लागली, कारण जायफळाचा एवढा वास आमच्याकडे बासुंदीखेरीज कशाला येत नाही. तरीही कुकी मऊच झाली.

आणि इथे काकूंची गाठ गावच्या न्यायासनाशी पडली. बिस्किटाची आमच्याकडे एकच कसोटी आहे: चहात बुडवल्यावर ते किती वेळ अभंग राहते. हैदराबादेच्या उस्मानिया बिस्किटाने या बाबतीत जो दंडक घालून दिला, त्याखाली उतरणारा पदार्थ आम्ही जातीबाहेर टाकतो. काकूंची कुकी पहिल्याच बुडीत तळाला गेली. काकांनी चमच्याने तिचा शोध घेतला आणि “बुडीत बाकी” एवढेच पुटपुटले.

“कुकी बुडवायची नसते,” काकू कडाडल्या, “नुसती खायची असते. खिडकीबाहेर बघत.”

आम्ही आज्ञाधारकपणे खिडकीबाहेर पाहिले. बाहेर कापसाने भरलेला एक ट्रॅक्टर चिखलात रुतला होता आणि त्याच्यामागे एक म्हैस अत्यंत तटस्थपणे रवंथ करीत उभी होती.

काकांनी तजवीज सुचवली, की फळ इथल्याच हंगामाचे घ्यावे. आश्विनात डोंगरातून सीताफळांच्या टोपल्या येतात. त्यांचा गर काढून त्याची कुकी करावी. काकूंनी मोठ्या नाखुशीने संमती दिली आणि निकाल कडू लागला, अक्षरशः कडू. कारण सीताफळाचा गर तापवला की त्याला कडवटपणा येतो, आणि म्हणूनच इथल्या शहाण्या बायका बासुंदी निवल्यावरच तो तीत घालतात. हे काकूंना ठाऊक नव्हते असे नाही. “मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या, “पण तुमच्या गिरदावरीची खातरी पटायला हवी होती.”

याच दिवसांत आमच्या गल्लीत बतुकम्मा असते. तरवडाची पिवळी फुले, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि झेंडू यांची उतरंड रचून तेलुगू बायका तिच्याभोवती टाळ्यांचा फेर धरतात आणि भाकरीचा चुरा गुळात वळून मलिदा करतात. शेजारच्या अक्कांनी काकूंकडे मलिद्याचे ताट पाठवले. ताट रिकामे परत करू नये, हा शिष्टाचार दोन्ही भाषांत एकच असल्यामुळे काकूंनी ते कुकींनी भरून धाडले. दुसऱ्या दिवशी ते ताट पुन्हा आले, आणि त्यात लाडू होते. अक्कांनी त्या मऊ कुकी कुस्करून, गूळ-तूप घालून, त्यांचा मलिदा वळला होता. आणि खरे सांगायचे तर त्या सफरचंदाला त्या दिवशी प्रथमच तलमडुगुचा रहिवास मिळाला. काकूंनी एक लाडू खाल्ला, दुसराही खाल्ला, आणि म्हणाल्या, “दालचिनी थोडी कमी पडली.”

एवढ्यावरून काकूंना अमेरिकेचे वेड लागले आहे असा ग्रह कोणी करून घेईल, तर तो सुनेची जबानी ऐकून दूर होईल. न्यू जर्सीतल्या त्या सहा महिन्यांत काकूंनी सोबत नेलेल्या ज्वारीच्या पिठाखेरीज कशाला हात लावला नाही. मंडळी सफरचंदे तोडायला बागेत निघाली तेव्हा ‘बोरं वेचायला का कोणी पैसे भरतं?’ असे विचारून त्या मोटारीतच बसून राहिल्या. कोजागरीला त्यांनी सुनेच्या मागच्या अंगणात थंडीने कुडकुडत दूध आटवायचा आग्रह धरला, आणि लाल पानांनी पेटलेल्या झाडांखाली उभे राहून, ‘आमच्याकडे आता सीताफळं आली असतील’ असे त्या दर दिवशी म्हणत राहिल्या. या जातीच्या माणसांचा मुक्काम नेहमी दुसऱ्या गावी असतो. तिथे राहून त्यांनी इथला आश्विन केला, इथे राहून त्या तिथला फॉल करतात. मुलगा तिकडे आणि घर इकडे अशी वाटणी झालेल्या बाईला याहून निराळे कोणते पंचांग वापरता येईल, हे मला तरी सांगता येणार नाही.

आता पुन्हा जाण्याचे ठरले आहे. पेटीत ज्वारीचे पीठ, वाळवलेली अंबाडी आणि लाल मिरच्या भरल्या गेल्या आहेत, आणि गेल्या आठवड्यापासून काकूंच्या तोंडून सफरचंदाचे नावही निघालेले नाही. काका या खेपेस शेतीच्या सबबीवर मागे राहणार आहेत. परवा मला कुंपणापाशी गाठून त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, “ओट आधी घालतात का पिळलेला कीस? कागदावर ते कलम पुसट झालंय.” मी थक्क होऊन पाहतच राहिलो, तेव्हा ते गिरदावराच्या जुन्या रुबाबात म्हणाले, “इथला फॉल बंद पडला तर तिला काय जाब द्यायचा? पुढच्या रविवारी पंच म्हणून हजर राहा. आणि चहा घरूनच पिऊन या.”