अहो

हनोईच्या पहिल्या सकाळी आम्ही दोघं फुटपाथवर बसलो होतो. बसलो होतो म्हणजे, फूटभर उंचीच्या लाल प्लॅस्टिकच्या स्टुलांवर स्वतःला घडी घालून ठेवलं होतं. पाठीवरून उतरवलेल्या सॅका बाजूला उभ्या होत्या, आमच्याहून उंच, लग्नघरात मुलाकडून आलेल्या दोन अबोल पाहुण्यांसारख्या. साठीच्या उंबऱ्यावर पाठीला घर बांधून निघायची ही कल्पना मुलीची. तिनं स्वतःच्या जुन्या सॅका आम्हाला दिल्या, पट्टे आवळून दिले आणि विमानतळावर, आम्ही तिला बालवाडीच्या दारात सोडताना बघायचो, अगदी तशी बघत राहिली. समोर कोंबडीच्या रश्शातला फो वाफाळत होता. गुडघे हनुवटीला टेकलेले. मला आजोळचा पाट आठवला. तिथंही बसलं की जग एकदम उंच व्हायचं, वाढणाऱ्या मामीचा चेहरा कुठेतरी तुळईजवळ असायचा आणि दिसायचे ते फक्त पदर आणि पळ्या. पन्नास वर्षांनी पुन्हा तेवढाच झालो होतो. बोलता येत नव्हतं, पैसे मोजता येत नव्हते, रस्ताही ओलांडता येत नव्हता.

पैशांचं म्हणाल तर आदल्या रात्रीच आम्ही लक्षाधीश झालो होतो. साडेतीन हजार रुपयांच्या आसपास मोजले की हातात दहा लाख डाँग येतात. एवढी श्रीमंती अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि त्यात वीस हजारांची नोट निळी, पाच लाखांचीही निळीच, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचा तोच शांत चेहरा. फो खाऊन, हिशेब चुकता केल्याच्या समाधानात आम्ही पन्नास पावलं गेलो असू, तोच ती फोवाली हातात झारा तसाच घेऊन धावत आली. वीस हजारांच्या जागी मी पाच लाखांची नोट देऊन बसलो होतो. जवळच होआन किएम तळं आहे. या नावाचा अर्थ ‘परत केलेली तलवार’. पंधराव्या शतकातल्या ले लोई राजानं लढाई जिंकल्यावर देवाची तलवार या तळ्यातल्या कासवाला परत दिली, अशी कथा सांगतात. तलवार परत करणाऱ्या गावात नोट परत आली यात नवल नसावं. पण हिचे डोळे भरून आले. (माझेही आले असते, पण झाऱ्यातला रस्सा माझ्या बुटावर गळत होता.)

दुसऱ्या सकाळी आम्ही अर्थातच तिथंच. फोवालीनं आता आपुलकीनं पहिला प्रश्न विचारला तो वयाचा. इंग्रजी जाणणारा एक कॉलेजकुमार शेजारच्या स्टुलावर होता, त्यानं समजावलं की यात आगाऊपणा नाही, वय कळल्याशिवाय आमच्यात वाक्यच सुरू होत नाही. त्यांच्या भाषेत माणसाला नुसतं ‘तुम्ही’ म्हणून भागत नाही, नातं लावावं लागतं. मोठा भाऊ ‘आन्’, मोठी बहीण ‘ची’, धाकटं भावंड ‘एम’. आत्या वेगळी, मावशी वेगळी. इंग्रजीनं दोघींना एकाच आँटीच्या पोत्यात कोंबलं होतं, त्या पार हनोईत सुट्या होऊन भेटल्या. जुन्या शहरातल्या गल्ल्यांमध्येही मला असंच घरचं काही भेटत होतं. हांग बाक चांदीची, हांग डोंग तांब्या-पितळेची, म्हणजे आमची तांबट आळीच. मी मोबाइलवर आकडे दाबून वयं दाखवली. फोवाली आमच्याहून लहान निघाली. त्यामुळे मी दादा झालो, ही ताई झाली आणि ती धाकटी बहीण.

“तुम्ही दादा, मी ताई, मग आपण दोघं कोण?” हिनं मला विचारलं. प्रश्न रास्त होता. कॉलेजकुमारानं त्यावर जे सांगितलं त्यानं ही अधिकच गोंधळली, कारण तिकडे बायको नवऱ्याला ‘आन्’च म्हणते आणि नवरा बायकोला ‘एम’. “म्हणजे दादा?” ही म्हणाली, “छे बाई! त्यापेक्षा आपलं अहो बरं.” चौतीस वर्षांत हिनं मला दुसऱ्या कशानं हाक मारलेली नाही. त्या दोन अक्षरांत स्वयंपाकघरातला गॅस संपल्यापासून माझी आई गेल्यापर्यंत सगळं सांगून झालंय, फक्त हेल बदलत गेला.

हेल हीच तर व्हिएतनामीची गंमत. ‘मा’ एकच, पण सूर बदलला की भूत, आई, थडगं, घोडा, भाताचं रोप. मला हे पाठ होतं, तरी काय घडणार आहे ते कळलं नाही. त्या दुपारी रस्ता ओलांडायचा होता. हॉटेलातल्या मुलीनं मंत्र दिला होता की हळू चाला, थांबू नका, पळू नका, स्कूटर तुम्हाला वळसा घालून जातील. ही गेली. नदीत दिवा सोडावा तशी तरंगत, जराही न विझता पलीकडे पोचली. मी मधोमध थांबलो. चारी बाजूंनी स्कूटरींचा पूर, एकीवर कुंडीसकट अख्खं संत्र्याचं झाड. पलीकडून हिनं जिवाच्या आकांतानं हाक मारली, “अहोऽऽ!” सूर शेवटाला थेट वर चढलेला.

मी कसाबसा पोचलो तेव्हा एक कपडेवाली हिच्यासमोर हसत उभी होती, दोन्ही हातांवर सदरे. चढ्या सुरातला ‘आओ’ म्हणजे त्यांच्यात सदरा. एवढ्या तळमळीनं सदरा मागणारं गिऱ्हाईक तिला बहुधा प्रथमच भेटलं असावं. नाही म्हणणं दोघांनाही जमलं नाही. फिक्या निळ्या रंगाचा एक घेतला, पोटावर जरा ताणतोच. नोट मात्र या वेळी हिनं उन्हात धरून, शून्यं मोजून दिली. संध्याकाळी तळ्याकाठी ‘अहो’ म्हणाली, तर माझा हात आधी बटणांकडे गेला.